लाटांतलं रबर: सॉफ्ट प्लास्टिक ओवायचं कसं आणि किनाऱ्यावरून गरवायचं कसं

रबराचा मासा स्वतःहून काहीच करत नाही. धातूच्या ल्यूरला, म्हणजे खोट्या आमिषाला, अंगचं वजन असतं. टणक प्लास्टिकच्या ल्यूरला पुढे ओठ असतो, तो पाणी कापतो आणि ल्यूर आपोआप डुलते. सॉफ्ट प्लास्टिक, म्हणजे हा मऊ रबरी मासा, नुसतं अंग. त्यात जीव येतो तो तुम्ही लावलेल्या वजनाने, गरी कशी ओवलीत त्याने आणि रील फिरवणाऱ्या हाताने. नवखा माणूस रंगीत पाकिटांपुढे अर्धा तास घालवतो आणि जिग हेड, म्हणजे शिशाचं डोकं असलेली गरी, मात्र हाताला लागेल ते उचलतो. मी उलटा क्रम सांगेन: आधी वजन, मग आकार, आणि रंग सगळ्यात शेवटी.

तलावात हा क्रम चुकला तरी निभतं. लाटांत निभत नाही. तिथे पाणी एकाच वेळी तीन दिशांना चालतं. लाट आत येते, फुटलेलं पाणी मागे खेचतं आणि किनाऱ्याला समांतर असा एक आडवा ओढ सतत चालू असतो. या गोंधळात तुमचं रबर तळाच्या जवळ, सरळ आणि तुमच्या ताब्यात राहिलं पाहिजे. पुढचं सगळं त्यासाठीच.

रबराचे प्रकार, थोडक्यात

बहुतेक सॉफ्ट प्लास्टिक पीव्हीसी आणि त्याला मऊ करणारं तेलकट द्रव्य यांच्या मिश्रणातून ओततात. अमेरिकेतल्या ॲक्रन इथे निक क्रीम यांनी १९४९ साली अशा मऊ प्लास्टिकचा गांडूळ बनवून विकायला सुरुवात केली, आणि तिथून हा प्रकार पसरला. तो गोड्या पाण्यासाठी होता. समुद्रावर आपण जे वापरतो ते त्याच कुळातलं, फक्त अंगाने जाडजूड.

सुरुवातीला तीन आकार पुरतात. पहिला पॅडल टेल. याच्या शेपटीच्या टोकाला छोटा पंजा असतो आणि सरळ ओढलं तरी तो फडफडतो. दुसरा कर्ली टेल, म्हणजे कोयत्यासारखी वळलेली पातळ शेपटी. अगदी हळू ओढतानाही ती हलते. तिसरा सरळ, निमुळता, वामसारखा. हा आपणहून काही करत नाही, मनगटाने झटके द्यावे लागतात. माझं मत विचाराल तर पहिले दोन महिने फक्त पॅडल टेल वापरा. हाताची चूक तो पोटात घालतो. लांबी १० ते १३ सेंटीमीटर ठेवा, पाकिटावर ४ किंवा ५ इंच लिहिलेलं असतं. छोटे मासे शेपट्या कुरतडून नेत असतील तर ३ इंचावर या.

कोळंबीच्या आकाराचं रबर दिसायला फार मोहक असतं. मी बरंच घेतलं होतं. लाटांत त्याचे पाय आणि मिशा दहा फेकीत गळून पडतात, उरतो तो नुसता ठोंब्या. गंमत म्हणजे त्यालाही मासे लागतात.

काठी, रील, दोरी

यात फार रमायचं कारण नाही. साधारण ९ ते १० फुटी रॉड, ज्यावर फेकीचं वजन १० ते ४० ग्रॅमच्या आसपास लिहिलेलं आहे. ४००० किंवा ५००० मापाचं स्पिनिंग रील. जड शिसं लावून आमिष तळाशी ठेवण्यासाठी जे १३-१४ फुटी दांडके वापरतात, ते इथे कामाचे नाहीत. त्यांच्या टोकाला रबर कुठे आहे हे कळत नाही, आणि तासाभरात खांदा बोलायला लागतो.

मुख्य दोरी ब्रेडेड, म्हणजे विणलेली घ्या, २० ते ३० पौंडाची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी. ती ताणत नाही म्हणून तळाचा स्पर्श हातापर्यंत पोचतो, आणि बारीक असल्यामुळे लाटा तिला कमी ओढतात. तिच्यापुढे गरीपर्यंत एक मीटरभर फ्लुरोकार्बनचा वेगळा तुकडा, म्हणजे लीडर, २० ते ३० पौंडाचा. वाळू, शिंपले, माशाचे गलफडे यांचं घासणं ब्रेडेड दोरीला सोसत नाही, लीडरला सोसतं. धारदार दातांचे मासे फिरत असतील तर लीडर ५० पौंडापर्यंत जाड करा. दात लागले आहेत की नाही हे रबरच सांगतं. शेपूट कात्रीने कापल्यासारखी सरळ गेलेली दिसते.

ब्रेडेड दोरी आणि लीडर जोडायला एफजी गाठ उत्तम. ती बारीक बसते आणि रॉडच्या कड्यांतून न अडकता जाते. पण पहाटेच्या अंधारात, वाऱ्यात, ओल्या बोटांनी ती बांधणं हे नवख्याचं काम नाही. ती घरी बसून शिका. तोवर डबल युनी चालेल. कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा आणि मग सावकाश ओढा. कोरडी आवळली की घर्षणाने लीडर तिथेच कमजोर होतो. जिग हेडला मात्र घट्ट गाठीऐवजी छोट्या फासाची गाठ बांधा. रबराला मान हलवायला जागा मिळते.

वजन: इथे वेळ घालवा

जिग हेड म्हणजे गरीच्या मानेवर ओतलेलं शिसं. लाटा मंद असतील आणि पाणी कमरेइतकं असेल तर १० ते १४ ग्रॅम पुरतं. मध्यम लाटांत २१ ग्रॅम. वारा समोरून असेल, आडवा ओढ जोरात असेल तर २८ ग्रॅम. हे तीन-चार आकडे खिशात ठेवा आणि किनाऱ्यावर गेल्यावर ठरवा. घरून ठरवून जाऊ नका.

ठरवायचं कसं? रबर फेका. पाण्यात पडलं की दोरी हलकेच ताणून ठेवा आणि मनात आकडे मोजा. दोरी एकदम सैल पडली की शिसं तळाला लागलं. मग रीलचा हात सावकाश फिरवायला लागा. चार-पाच फेऱ्यांत एकदा तरी वाळूला टेकल्याची ‘टक्’ अशी बारीक जाणीव हाताला झाली पाहिजे. एकदाही झाली नाही तर वजन कमी पडतंय, रबर मध्यावर तरंगत येतंय. उलट प्रत्येक फेरीला ओझं फरफटत आल्यासारखं वाटत असेल, किंवा हात थांबवताक्षणी शिसं वाळूत रुतत असेल, तर वजन जास्त आहे.

दुसरी खूण दोरीची. समोर फेकलेलं रबर निम्मं ओढून होईपर्यंत दोरी तिरकी होत किनाऱ्याला समांतर आली, तर आडव्या ओढाने तुम्हाला हरवलं. वजन एक पायरी वाढवा. तरीही तेच झालं तर जागा बदला.

नवखे दोन्हीकडे चुकतात, पण जास्त वेळा जड बाजूला, कारण जड वजन लांब जातं आणि लांब गेलेली फेक डोळ्याला बरी वाटते. माशाच्या दृष्टीने पाहिलं तर हलकं वजन चांगलं. खाली पडताना रबर सावकाश तरंगत जातं, आणि निम्म्याहून अधिक मासे माझ्या अनुभवात त्या पडण्यातच लागतात. तळ जाणवेल इतकंच वजन, त्याहून एक ग्रॅमही जास्त नको, असा हिशेब धरा.

गरीचं मापही याच वेळी बघा. ४ इंची रबराला ३/० किंवा ४/०, ५ इंचीला ४/० किंवा ५/० (पहिला आकडा मोठा तितकी गरी मोठी). गरीचं टोक रबराच्या पाठीतून साधारण मध्याच्या थोडं पुढे निघालं पाहिजे. फार मागे गेलं तर शेपटी जखडते, फार पुढे राहिलं तर मासा मागचं नुसतं तोंडात धरून सोडतो.

जिग हेडवर ओवणं

ही एक गोष्ट नीट जमली की अर्धं काम झालं. घाई करू नका.

१. आधी मोजा. रबराच्या कुशीला जिग हेड लावा, शिशाचं डोकं रबराच्या नाकाला टेकवून. गरीचं वळण जिथे येतं तिथे रबराच्या पाठीवर नखाने खूण करा.

२. नाकाच्या बरोबर मध्यावर गरीचं टोक टोचा. समोरून पाहिलं तर नाक गोल दिसतं, त्याचा केंद्रबिंदू धरा. किंचित खाली किंवा बाजूला टोचलं तर पुढचं सगळं तिरकं.

३. आता गरी ढकलू नका, रबर गरीवर चढवा. मोज्यात पाय घालताना मोजा गोळा करतो तसं रबर थोडं थोडं गोळा करत पुढे न्या. टोक सतत पोटाच्या मधोमध राहील याकडे लक्ष द्या. रबर पारदर्शक असेल तर ते दिसतं, नसेल तर बोटाला जाणवतं.

४. खुणेपाशी आलं की टोक पाठीतून वर काढा, पाठीच्या मधल्या रेषेवरच.

५. रबर पुढे सरकवून शिशाला टेकवा. शिशामागे छोटी काटेरी मान असते, तिच्यावर रबराचं नाक घट्ट बसलं पाहिजे. इथे घट्ट बसवण्याआधी सुपरग्लूचा एक थेंब टाकलात तर दिवसभर रबर खाली घसरत नाही.

६. हातात लोंबतं धरून समोरून आणि वरून बघा. रबर सुतळीसारखं सरळ दिसलं पाहिजे. मध्ये फुगवटा आला असेल तर टोक उशिरा बाहेर काढलंत. ताणल्यासारखं दिसत असेल तर लवकर. काढा आणि पुन्हा ओवा.

मग पायाजवळच्या पाण्यात दोन हात ओढून बघा. सरळ पोहतंय? शेपूट हलतेय? की अंगाभोवती गिरक्या घेतंय? गिरक्या घेणारं रबर फेकू नका. माझ्या पहिल्या दिवशी एकही मासा लागला नाही तो यामुळेच. सकाळभर मी एक चक्री पाण्यातून ओढत होतो, आणि वर दोरीला इतका पीळ बसला की शेवटी चाळीसेक मीटर कापून टाकावी लागली. शेजारी उभ्या आजोबांनी माझ्या रबराकडे एकदा पाहिलं आणि “तुझं वाकडं आहे बाळा” एवढंच म्हणाले. ते ऐकायला मी दोन तास उशीर केला होता.

शेवाळ आणि खडक असतील तेव्हा

उघड्या गरीत शेवाळाचे झुपके अडकतात आणि प्रत्येक फेकीनंतर साफसफाई करावी लागते. अशा ठिकाणी ऑफसेट गरी वापरा, म्हणजे जिच्या मानेशी पायरीसारखी वाकण असते. पोटाला शिसं लावलेली मिळते ती लाटांसाठी बरी, ७ ते १४ ग्रॅमची.

नाकात टोक घालून अर्धा सेंटीमीटर आत न्या आणि हनुवटीतून बाहेर काढा. गरी पूर्ण ओढून घ्या, पायरीची वाकण नाकात शिरेपर्यंत. मग गरी उलटी फिरवा, टोक रबराकडे येईल अशी. रबर सरळ लोंबत असताना गरीचं वळण जिथे येतं तिथे पोटातून टोक घाला आणि पाठीतून काढा. शेवटी टोकाला पाठीच्या कातडीत अगदी वरवर, केसभर खुपसून लपवा. पोटाला आधीच चीर असलेली रबरं याच कामाची असतात.

याचा एक तोटा लक्षात ठेवा. मासा चावल्यावर आधी रबर दबलं पाहिजे, मग टोक बाहेर येणार. म्हणून इथे हलका हिसका पुरत नाही. दोरी ताणून घ्या आणि रॉड जोरात, लांबवर मागे खेचा.

सरकतं शिसं

तिसरी मांडणी कॅरोलिना रिग. मुख्य दोरीत अंड्याच्या किंवा बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं भोकाचं शिसं ओवा, १५ ते ३० ग्रॅमचं. त्यामागे एक मणी, जेणेकरून शिसं गाठीवर आपटत राहणार नाही. मग स्विव्हल, म्हणजे दोरीला पीळ बसू न देणारी फिरती कडी. स्विव्हलच्या दुसऱ्या टोकाला ५० ते ८० सेंटीमीटर लीडर आणि त्यावर साधी किंवा ऑफसेट गरी, बिनवजनाची. तिच्यावर छोटं रबर, २ ते ३ इंची कर्ली टेल उत्तम.

शिसं तळावरून फरफटतं आणि धूळ उडवतं, मागे रबर मोकळेपणाने तरंगत येतं. मासा उचलतो तेव्हा दोरी शिशातून सरकते, त्याला ओझं लागत नाही. कॅलिफोर्नियाच्या वाळूच्या किनाऱ्यांवर सर्फपर्च नावाच्या माशासाठी हीच मांडणी वर्षानुवर्षं चालते, अगदी पायाजवळच्या पाण्यात. फेकताना मात्र लांब लीडर गुरफटतो. रॉड गरकन फिरवू नका, एका लयीत सावकाश झुलवून सोडा.

किनारा वाचणं

सुकतीच्या शेवटी रिकाम्या हाताने एक फेरी मारा. पाणी उतरल्यावर वाळूची रचना उघडी पडते. कुठे चर आहे, कुठे वाळूचा दांडा, त्या दांड्यात कुठे खिंडार, कुठे एकटा खडक. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. भरतीत हेच सगळं पाण्याखाली जाईल आणि मासे याच वाटांनी आत येतील.

पाणी असतानाही वाचता येतं. लाट फुटते तिथे उथळ, म्हणजे दांडा. फुटून फेस विरतो आणि पाणी गडद, गुळगुळीत दिसतं तिथे चर. दांड्यावर सगळीकडे लाटा फुटताहेत आणि मधल्याच एका पट्ट्यात फुटत नाहीत, तर तिथे खिंडार आहे. आत आलेलं पाणी तिथून परत बाहेर जातं. त्या पट्ट्याच्या कडा मासे धरून बसतात, कारण वाहून जाणारं खाणं तोंडापुढून जातं. फ्लॅटहेड आणि हॅलिबटसारखे चपटे मासे चराच्या उतारावर वाळूत अंग पुरून वर बघत असतात. स्ट्राइप्ड बास किंवा युरोपियन सीबाससारखे फिरते मासे फेसाच्या आडोशाने अगदी गुडघाभर पाण्यात येतात.

तोच खिंडाराचा पट्टा माणसासाठी धोक्याचा. तिथे पाण्यात उतरायचं नाही. कधी ओढले गेलातच तर किनाऱ्याकडे सरळ पोहून दमू नका, किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याच्या बाहेर पडा आणि मग आत या. गरवताना समुद्राकडे पाठ करू नये, आणि गुडघ्यापलीकडे उतरायची गरज रबराच्या फेकीला सहसा पडतही नाही. खडकावर उभं राहायचं असेल तर आधी दहा मिनिटं लांबून बघा, मोठी लाट कुठवर येते ते.

वेळ? भरती चढत असतानाचे मधले दोन-तीन तास आणि सुकती लागल्यानंतरचा पहिला तास. यात पहाट किंवा तिन्हीसांज सापडली तर सोनंच. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून तीच भरती दुसऱ्या दिवशी सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. आज पहाटे जमलेली वेळ आठवड्याने जमणार नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात चालतं, अष्टमीच्या भांगाला मंद. नवख्याने शिकायला भांगाचे दिवस निवडावेत. मासे कमी मिळतील कदाचित, पण तळ जाणवेल.

फेकणं

फेकायच्या आधी मागे बघा, प्रत्येक वेळी. टोकाला शिसं आणि उघडी गरी आहे. डोळ्यांवर चष्मा असू द्या.

रबर रॉडच्या टोकापासून हातभर ते दीड हात लोंबतं ठेवा. लाट फुटू द्या आणि ती फुटल्याबरोबर तिच्या पाठीमागे फेका. पुढची लाट येईपर्यंत रबराला तळाशी जायला उसंत मिळते. लाटेच्या पुढ्यात फेकलंत तर फेस दोरीसकट रबर उचलून तुमच्या पायाशी आणून टाकेल.

रबर पाण्याला टेकायच्या क्षणी रीलमधून सुटणारी दोरी बोटाने दाबा, बेल, म्हणजे रीलवरची तारेची कमान, हाताने बंद करा आणि पहिली फेरी घेण्याआधी दोरी ताणून घ्या. हे तीन सेकंद वाचवायला गेलं की सैल दोरीचे फास रीलवर गुंडाळले जातात आणि पुढच्या फेकीला गुंताड्याचं घरटं बाहेर येतं. हलक्या वजनाला हे फार होतं.

किती लांब? पहिल्या चराच्या पलीकडल्या काठापर्यंत. पुष्कळदा तो २०-३० मीटरवर असतो. तुम्ही ८० मीटर फेकून खूश असता आणि मासा तुमच्या घोट्यांपाशी फिरत असतो. पंख्यासारखं फेका: एकदा डावीकडे तिरकं, एकदा समोर, एकदा उजवीकडे तिरकं, आणि एकदा किनाऱ्याला जवळजवळ समांतर. ही शेवटची फेक लोक विसरतात. चरात रबर सगळ्यात जास्त वेळ तिच्यातच राहतं. पाच-सहा पंखे झाले आणि काही नाही, तर पन्नास पावलं पुढे सरका. एका जागी ठाण मांडायचं असेल तर आमिषाची गरी बरी.

ओढणं

मूळ चाल अगदी साधी. रबर तळाला गेलं की रॉड दहा वाजल्याच्या काट्यासारखा धरा आणि शेपूट हलेल एवढ्याच वेगाने रील फिरवा. जितकं हळू वाटतं त्याहून थोडं हळू. दर सात-आठ फेऱ्यांनी थांबा, रबर पुन्हा तळाला टेकू द्या, पण दोरी सैल सोडू नका. रॉडचं टोक रबराबरोबर खाली आणत दोरी हलकी ताणलेली ठेवा, कारण चावा इथेच येतो.

दुसरी चाल उड्यांची, चपट्या माशांसाठी. रॉड हातभर वर उचला, रबर तळावरून उडी घेईल. मग टोक खाली आणत सैल झालेली दोरी गुंडाळा. एक-दोन सेकंद विसावा. पुन्हा उडी. उड्या लहान ठेवा.

आता लाटांचं खरं गणित. लाट आत येते तेव्हा ती रबराला तुमच्याकडे ढकलते आणि दोरी सैल पडते. त्या वेळी जलद गुंडाळा, नाहीतर चावा कळणारच नाही. तीच लाट मागे परतते तेव्हा दोरी आपोआप ताणते. त्या वेळी रील थांबवा, नुसतं धरून ठेवा. परतीचं पाणी रबराला मागे खेचतं, शेपूट तुम्ही न फिरवता फडफडते, जसा एखादा छोटा मासा प्रवाहाविरुद्ध झगडतोय. हा क्षण फार मोलाचा. येताना गुंडाळ, जाताना थांब, ही लय हाताला बसायला दोन-तीन सकाळी लागतात. बसली की रबर लाटांबरोबर चालतं आणि तुम्ही मोजणं विसरता.

आडवा ओढ असेल तर त्याच्याशी भांडू नका. ओढ जिकडून येतोय तिकडे तिरकं फेका आणि रबराला कमानीसारखं वाहत समोर येऊ द्या. हात फक्त दोरी ताणलेली ठेवण्यापुरता.

शेवटचे पाच मीटर घाईने गुंडाळू नका. मागून आलेला मासा शेवटच्या लाटेच्या फेसात ठरवतो, खायचं की नाही. रबर काठाच्या उतारावर आलं की एक क्षण थांबवा, मग उचला.

रंगाबद्दल शब्द दिला होता शेवटी बोलायचा, म्हणून एवढंच. पाणी नितळ असेल तर पारदर्शक, रुपेरी किंवा ऑलिव्ह. गढूळ असेल तर झगझगीत पोपटी-पिवळा किंवा पांढरा. अंधारात काळा किंवा जांभळा, कारण खालून बघणाऱ्या माशाला गडद आकृती जास्त स्पष्ट दिसते. तीन पाकिटं झाली.

मासा लागल्यावर

चावा दर वेळी धडाक्याचा नसतो. कधी नुसतं टक्, कधी दोरी अचानक हलकी होते, कधी शेवाळ अडकल्यासारखं जड लागतं. शंका आली की रॉड उचला. उघड्या गरीच्या जिग हेडला ताकदीचा हिसका लागत नाही. रील फिरवणं चालू ठेवून रॉड एका बाजूला ठामपणे खेचलात की पुरे. नुसतं कुरतडणं चालू असेल तर हिसका देऊ नका, तसंच फिरवत राहा. बऱ्याचदा तो परत येतो.

ड्रॅग, म्हणजे दोरी किती ताणावर सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक, आधीच बसवून ठेवा: हाताने जोर लावून ओढल्यावर दोरी सुटेल, पण सहज नाही. मासा धावला तर धावू द्या. काठाशी आणताना मात्र लाटेची मदत घ्या. लाट आत येते तेव्हा मागे पावलं टाकत त्याला तिच्यावर स्वार करा. लाट परतताना ओढू नका, फक्त धरा. सगळ्यात जास्त मासे इथे सुटतात, कारण परतीच्या पाण्याचं ओझं आणि माशाचं ओझं एकत्र होतं आणि गरी फाटून निघते. पुढची लाट येऊ द्या. ती त्याला वाळूवर ठेवून मागे जाईल, तेव्हा झटकन पुढे होऊन उचला, तेही समुद्राकडे एक डोळा ठेवून.

सोडायचा असेल तर हात ओले करा, कोरड्या वाळूवर लोळवू नका. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला असेल तर ती क्षणात निघते, माशाच्या तोंडातूनही आणि वेळ आली तर तुमच्या बोटातूनही. ओळखीचा नसलेला मासा उघड्या हाताने धरू नका. कल्ल्यांवर आणि पाठीवर काटे असतात, काहींचे विषारी. पक्कड कमरेलाच असू द्या, पिशवीत नको.

घरी आल्यावर

रील आणि रॉड गोड्या पाण्याने हलकेच धुवा. रीलचा ड्रॅग धुण्याआधी आवळा, वाळल्यावर सैल करा. नळाचा जोराचा फवारा मारू नका, तो मीठ आत ढकलतो. जिग हेडही धुऊन वाळवा, नाहीतर गंज बाकीच्यांना लागतो. गरीचं टोक नखावर घासून बघा. घसरलं तर बोथट, चिकटलं तर चालेल. फाटलेली रबरं किनाऱ्यावर टाकू नका. मासे ती गिळतात आणि पोटात ती विरघळत नाहीत. एका डबीत साठवून घरी आणा.

रबरं त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवा, सपाट. वाकून राहिलेली शेपटी तशीच वाकडी राहते. झालीच तर काही सेकंद गरम पाण्यात बुडवून सरळ करा. गडद आणि फिकी एकत्र ठेवलीत तर रंग एकमेकांत उतरतात. आणि ‘जास्त ताणणारी, न फाटणारी’ म्हणून मिळणारी टीपीई नावाच्या वेगळ्या प्लास्टिकची रबरं साध्या पीव्हीसीच्या रबरांना कधीही चिकटू देऊ नका. दोन्ही एकमेकांना विरघळवतात. काही पारदर्शक कडक डब्यांचंही तेच होतं. एका उन्हाळ्यानंतर मी असा एक डबा उघडला, म्हणजे उघडायचा प्रयत्न केला. झाकण, कप्पे आणि सव्वीस रबरं मिळून एकच पोपटी-काळा गोळा झाला होता, आणि त्यातून एक जिग हेड तेवढं बाहेर डोकावत होतं. ते मी पकडीने उपटून काढलं. अजून वापरतो.